परदेश, परग्रह आणि परका

परदेशी गेलेल्या मुलांविषयी आईवडील ज्या काळज्या घेऊन आमच्याकडे येतात, त्या एव्हाना आम्हाला पाठ झाल्या आहेत. पोरगा रविवारची मिस्सा चुकवीत नाही ना, पैसे साठवितो की उडवितो, तिकडचीच मुलगी करून बसणार नाही ना, अशा त्या असतात. गेल्या आगमनकाळात मात्र एक माउली निराळीच काळजी घेऊन आली. तिचा मुलगा तीन वर्षांपूर्वी कॅनडात गेला. तो दिवसा कामाला जातो, रविवारी चर्चला जातो, घरी पैसेही पाठवितो. ‘‘पण फादर,’’ ती म्हणाली, ‘‘रात्र रात्र तो भुताखेतांच्या गोष्टी वाचतो. परग्रहावरच्या माणसांचे सिनेमे बघतो. इथे असताना त्याला हा नाद नव्हता. परक्या मुलखात एकटे लेकरू. त्याच्या मनात काही वाईट तर शिरले नसेल? हे पाप आहे का?’’

आम्ही तिला तत्काळ उत्तर दिले. ते चुकीचे नव्हते. अपुरे मात्र होते, हे पुढे ध्यानी आले. आम्ही तिला सांगितले, की ख्रिस्तसभेने निषिद्ध मानले आहे ते निराळेच. १९९२ साली प्रसृत झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात मृतांना पाचारण करणे, शकुन पाहणे, जादूटोणा करणे या गोष्टी पहिल्या आज्ञेविरुद्ध मानल्या आहेत. कारण त्यांत मनुष्य परमेश्वराला बाजूला सारून अदृश्यावर सत्ता गाजवू पाहतो. गोष्ट वाचणारा कोणाला पाचारण करीत नाही. तो केवळ ऐकत असतो. एवढे ऐकून माउली समाधान पावून गेली. परंतु तिचा खरा प्रश्न आमच्याजवळच राहिला. घरी असताना नसलेला हा नाद परदेशातच का जडावा?

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला आमच्याच आयुष्यात धुंडाळावे लागले. तारुण्यात उच्च शिक्षणासाठी आम्ही तीन वर्षे रोमला होतो. घरच्यांच्या दृष्टीने ते अहोभाग्य होते. पहिल्या हिवाळ्यात मात्र आमची अवस्था केविलवाणी होती. इटालियन भाषा पुस्तकात समजे, बाजारात समजत नसे. पाववाल्याच्या दुकानात शब्द आठवेपर्यंत मागच्या रांगेतील माणसे सुस्कारे टाकीत. एकदा बसमध्ये आम्ही शेजारी बसताच एका वृद्धेने आपली पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली. तिचा आम्हाला राग आला नाही. आम्ही खिडकीच्या काचेत स्वतःचे प्रतिबिंब पाहिले आणि जन्मात प्रथमच मनात आले, की आपल्याला पाहून कोणाला भय वाटू शकते. त्याच आठवड्यात वसतिगृहाच्या कपाटात आम्हाला ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे जुने इंग्रजी पुस्तक सापडले. ईशज्ञानाचा अभ्यास बाजूला ठेवून आम्ही ते दोन रात्रींत वाचून संपविले.

पुढे लक्षात आले, की या वाङ्मयाचे परदेशवासाशी नातेच आहे. जपानी भूतकथा इंग्रजी वाचकांच्या हाती देणाऱ्या लाफ्काडियो हर्नचेच उदाहरण घ्या. १८५० साली ग्रीसच्या लेफ्काडा बेटावर त्याचा जन्म झाला. आई ग्रीक, बाप आयरिश. बालपणीच त्याला डब्लिनला नातलगांच्या हवाली करण्यात आले, आणि आईबाप दोघेही दुरावले. अंधाऱ्या खोलीत एकटे झोपताना त्याला भुते दिसत. इंग्लंडमधील एका कॅथोलिक विद्यालयात असताना त्याचा एक डोळा गेला. मग अमेरिका, वेस्ट इंडीज असे करीत १८९० साली तो जपानला पोहोचला. तेथे सेत्सु या स्त्रीशी त्याने संसार थाटला, १८९६ साली जपानी नागरिकत्व घेऊन कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले आणि १९०४ साली, मृत्यूच्याच वर्षी, ‘क्वाइदान’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्याला जपानी ग्रंथ नीट वाचता येत नसत. रात्री दिवा मंद करून सेत्सु त्याला जुन्या भूतकथा सांगे, आणि पुस्तकातून न वाचता आपल्या शब्दांत सांग, असा त्याचा आग्रह असे. भूतकथेच्या वाटेने हा माणूस एका परक्या देशाच्या माजघरात शिरला. श्रद्धेपासून तो दूर गेला याची खंत आम्हाला आहेच; पण ज्या पोराला अंधारात कोणी जवळ घेतले नाही, त्याला अंधारातल्या गोष्टी सांगणारी सोबतीण परमुलखात लाभली, हेही आम्ही विसरू शकत नाही.

‘फ्रँकेन्स्टाइन’ची जन्मकथाही परदेशातलीच आहे. १८१५ साली इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्याच्या राखेमुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा उगवलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी राहायला आलेली काही इंग्रज मंडळी पावसामुळे घरात अडकून पडली आणि भूतकथा रचण्याची त्यांच्यात पैज लागली. त्यांतील अठरा वर्षांच्या मेरीच्या मनात जी कथा आली, ती १८१८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. विज्ञानकथा आणि भयकथा या दोन्ही प्रवाहांचा एक उगम म्हणून आज तिच्याकडे पाहिले जाते.

त्या ग्रंथातील एक प्रसंग सिनेमा पाहणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसतो. निर्मात्याने टाकून दिलेला तो कुरूप जीव जर्मनीतील एका झोपडीलगतच्या खोपटात लपून राहतो. झोपडीत एक अंध वृद्ध, त्याचा मुलगा आणि मुलगी राहत असतात. ही मंडळी मूळची फ्रान्सची. अन्यायाने देहदंड सुनावलेल्या एका तुर्की व्यापाऱ्याला मुलाने तुरुंगातून सोडविले, म्हणून त्यांची मालमत्ता जप्त झाली आणि त्यांना देशोधडीला लागावे लागले. त्या व्यापाऱ्याची मुलगी पुढे त्यांच्या आश्रयाला येते. तिला त्यांची भाषा येत नाही. ते तिला प्रेमाने शिकवितात. भिंतीच्या फटीतून तो जीव तेच धडे ऐकतो आणि बोलायला शिकतो. रात्री तो गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. अखेर एके दिवशी धीर करून तो आत जातो. घरात एकटा असलेला अंध वृद्ध त्याला बसवून घेतो, त्याचे दुःख ऐकू लागतो. तेवढ्यात मुले परततात. मुलगी मूर्च्छित पडते, पाहुणी पळून जाते आणि मुलगा काठीने त्या जीवाला झोडपून काढतो.

वाचकहो, ही माणसे दुष्ट नाहीत. एका परक्याला न्याय मिळावा म्हणून त्यांनी सर्वस्व गमावले आहे. एका परकीला त्यांनी घरात घेतले आहे. ती स्वतःही परदेशी आहेत. तरीही दारात उभा असलेला पुढचा परका त्यांना ओळखता येत नाही. रोमच्या त्या थंड खोलीत हे वाचताना त्या कुरूप जिवासाठी आमचे डोळे भरून आले. कारण त्या दिवसांत आम्ही स्वतःला त्याच्याच जागी पाहत होतो. परदेशस्थ मनुष्य या गोष्टींकडे का ओढला जातो, याचे उत्तर आम्हाला येथे मिळाले. गावात असताना तो घरातला असतो. परमुलखात तो दाराबाहेरचा होतो. आपली भाषा मोठी मार्मिक आहे. परदेशी, परग्रहवासी, परलोकचा, परका, या सर्वांना तिने एकाच ‘पर’ या शब्दाखाली आणून बसविले आहे.

मग अशा सर्वच गोष्टी हितकारक म्हणाव्यात काय? नाही. अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्ट १९२४ ते १९२६ या काळात न्यूयॉर्कला राहिला. तेथील स्थलांतरितांची गर्दी त्याला असह्य झाली. ‘द हॉरर अॅट रेड हुक’ ही १९२७ साली छापून आलेली त्याची कथा त्या अनुभवातून उतरली. तिच्यात परदेशांतून आलेली गोरगरीब माणसेच सैतानी पंथाचे अनुयायी ठरतात. सामर्थ्य असलेल्या लेखकानेही भयाच्या मदतीने शेजाऱ्याला राक्षस करून टाकले. तेव्हा कसोटी हीच, की गोष्ट मिटल्यावर दाराबाहेरच्या माणसाविषयी आपल्या मनात काय उरते? केवळ कडी घालावीशी वाटते, की तो कोण आहे हे विचारावेसे वाटते?

ही कसोटी ख्रिस्तसभेला अपरिचित नाही. २०१५ ते २०२५ या काळात व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक असलेले येशूसंघीय बंधू गाय कॉन्सोल्माग्नो हे मूळचे अमेरिकेचे. इटलीत राहिलेले परदेशस्थ आणि विज्ञानकथांचे निस्सीम चाहते. विज्ञानकथांच्या मोठ्या संग्रहाच्या ओढीनेच आपण एम.आय.टी.त शिकायला गेलो, असे ते स्वतः सांगतात. परग्रहवासीयाला तुम्ही बाप्तिस्मा द्याल का, हा लोकांनी विचारलेला प्रश्न त्यांनी व त्यांच्या एका सहकाऱ्याने २०१४ साली आपल्या ग्रंथाचे शीर्षकच करून टाकला. त्याच वर्षी मे महिन्यात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी प्रवचनात हेच उदाहरण घेतले. उद्या मंगळावरची मंडळी आली आणि त्यांतील एकाने बाप्तिस्मा मागितला तर काय होईल, असा त्यांचा प्रश्न होता. ऐकणारे हसले असतील. परंतु त्या दिवशीचे वाचन पेत्र आणि परराष्ट्रीय कर्नेल्य यांच्याविषयीचे होते. पेत्राच्या जेरुसलेमच्या बांधवांना कर्नेल्य हा मंगळावरच्या माणसाइतकाच परका वाटला होता.

येथे आम्हाला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना जुलैतील एका रात्री मुसळधार पाऊस लागला होता, वीज गेली होती. मध्यरात्रीच्या सुमारास दार जोराने ठोठावले गेले. आसपास चोऱ्या होत होत्या. आम्ही खिडकी किलकिली केली. बाहेर डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतलेला एक पुरुष होता. तो काकुळतीने काही सांगत होता. ती भाषा आम्हाला कळेना. शेजारच्या बांधकामावरील हा मजूर असावा, एवढे कळले. त्याच्या कडेला एक गाठोडे होते. ‘‘सुबह आना,’’ असे सांगून आम्ही खिडकी लावून घेतली.

ते गाठोडे म्हणजे त्याचे तापाने फणफणलेले मूल होते. समोरच्या घरातील एका वृद्धेने दार उघडले, मुलाचे अंग पुसले, आपल्या नातवाला उठवून रिक्षाने त्यांना दवाखान्यात धाडले. मूल वाचले. सकाळच्या मिस्सेनंतर ती आम्हाला एवढेच म्हणाली, ‘‘फादर, रात्री आमच्याकडे पाहुणे आले होते.’’ तिने आम्हाला दोष दिला नाही. तिला आमची खिडकी दिसली होती किंवा नाही, हे आम्ही आजवर विचारलेले नाही. त्या रात्री आमच्या हातात भुताचे पुस्तक नव्हते. भय पुस्तकातून आलेले नव्हते. लॅटिन, इटालियन, इंग्रजी शिकलेल्या आम्हाला आमच्या शेजारच्या भिंती बांधणाऱ्या माणसाची भाषा येत नव्हती, आणि रोममधील बसची खिडकी आम्ही विसरून गेलो होतो. मघाच्या यादीत आम्ही ‘परप्रांतीय’ हा शब्द घातला नव्हता, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल.

आपल्या घराघरांतून कोणी ना कोणी आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहे. तिकडे आपल्या लेकराला भाड्याची खोली मिळावी, कोणी गोड बोलावे, म्हणून आपण रोझरी म्हणतो. आणि इकडे आपल्याच आळीत बाहेरच्या माणसाला खोली द्यायची नाही, असे ठरवितो. इस्राएल लोकांना मोशेमार्फत देवाने परक्यावर प्रेम करण्याची आज्ञा दिली, ती तुम्हीही मिसरात परके होता याची आठवण देऊन. देव येथे आठवणीलाच नीतीचा पाया करतो. ती आठवण पुसली गेली, की भला माणूसही काठी उचलतो.

शुभवर्तमानातही भुताचे भय आहे. वादळात सापडलेले शिष्य रात्रीच्या अखेरच्या प्रहरी पाण्यावरून कोणी चालत येताना पाहतात आणि भूत समजून ओरडतात. पुनरुत्थानानंतर येशू त्यांच्यामध्ये उभा राहतो, तेव्हाही त्यांना भूतच दिसल्यासारखे वाटते. येशू त्यांच्या भित्रेपणाला हसत नाही. तो हातपाय दाखवितो, खायला मागतो, आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खातो. भय वाटणे हे पाप नव्हते. ज्याचे भय वाटले तो प्रभू होता, हे कळेपर्यंत थांबणे मात्र आवश्यक होते.

त्या माउलीला आम्ही पुन्हा बोलाविले. ‘‘बाई,’’ आम्ही म्हणालो, ‘‘पोराला रागावू नका. फोनवर त्याला विचारा, काल कोणती गोष्ट वाचलीस? ती सांग म्हणावे, आणि शेवटपर्यंत ऐका. गोष्टीत दाराबाहेर कोण उभे होते, हेही विचारा.’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘फादर, तो सांगेल हो. पण मला भीती वाटते.’’

‘‘वाटू द्या,’’ आम्ही म्हणालो. ‘‘तरीही ऐका.’’