प्रश्नावली हाती घेतलेल्या विद्यार्थिनीस

पुणे

प्रिय मुग्धा,


थीसिसचा मसुदा दोनदा वाचला. भाषांतराची बाजू तू चोख सांभाळली आहेस. दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून पुन्हा इंग्रजी, तज्ज्ञांची बैठक आणि मग तीसेक पेशंटवर चाचणी. बीटन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली आखून दिलेल्या या वाटेवरची एकही पायरी तू गाळलेली नाहीस. त्याबद्दल काही सांगायचं नाही. सांगायचं आहे ते चौथ्या प्रकरणातल्या एका वाक्याबद्दल. क्रोनबाखचा आल्फा 0.93 आला, म्हणून मराठी एचएक्यू, म्हणजे संधिवाताच्या पेशंटना रोजची कामं कितपत जमतात हे विचारणारी हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर, वैध ठरली, असं तू लिहिलं आहेस. ते वाक्य काढून टाक.

प्रश्नांची उत्तरं एकमेकांना धरून आहेत, एवढंच आल्फा सांगतो. एकच प्रश्न शब्द बदलून पाच वेळा विचारलास, तर तो आणखी चढेल. ते प्रश्न नेमकं काय मोजताहेत, हे त्याच्याकडून कळत नाही. शिवाय प्रश्नावली एकदा वैध ठरली की कायमची वैध झाली, असं होत नाही. या पेशंटमध्ये, या पद्धतीने विचारल्यावर, या कामासाठी तिच्या स्कोअरचा आपण लावलेला अर्थ टिकतो का, एवढंच आपण तपासतो. पेशंट बदलले, विचारणारा बदलला, काम बदललं की ते पुन्हा तपासावं लागतं. तुझा सगळा थीसिस या खुंटीला बांध.

मूळ एचएक्यू 1980 ची, स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. संधिवाताच्या पेशंटचे सुजलेले सांधे मोजायचे, रक्तातला दाह दाखवणारा ईएसआर बघायचा, एक्स-रे काढायचा, असा तो काळ होता. तेव्हा 'तुम्हाला हे जमतं का?' या प्रश्नाच्या उत्तराला मोजमापाचा मान देणं धाडसाचं होतं. त्याच उत्तरांवरून पेशंटचं पुढे काम सुटेल का, तो किती जगेल, याचाही अंदाज बांधता येतो, हे नंतर दिसून आलं. म्हणून ही प्रश्नावली मला मोलाची वाटते, आणि म्हणूनच ती ढिलाईने मराठीत यावी हे मला सोसत नाही.

आता तिचे वीस प्रश्न पुन्हा वाच. टबात अंघोळ, दुधाचं नवं खोकं उघडणं, मांस कापणं, गाडीचं दार, व्हॅक्यूम क्लिनर किंवा अंगणातलं काम. हे फ्राइज यांच्या पेशंटचं आयुष्य. तुझ्या ओपीडीत दौंडहून, इंदापूरहून येणारी बाई बादली-तांब्याने उकिडवी बसून अंघोळ करते, भाकरी थापते, धुणं पिळते, हंडा उचलते, एसटीची उंच पायरी चढते. तिला काय जमत नाही हे टबाच्या प्रश्नातून कधीच कळणार नाही. दिल्लीच्या एम्समधल्या मंडळींनी 2002 साली भारतीय एचएक्यू प्रसिद्ध केली. तिच्यातल्या बारा प्रश्नांत उकिडवं किंवा मांडी घालून बसणं आहे, रिक्षात चढणं-उतरणं आहे, भाजीबाजार आहे, तीन किलोमीटर चालणंही आहे. आपल्याकडे डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने 1996 साली भिगवणला घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. तेव्हापासून गावातल्या माणसाचं दुखणं कसं विचारावं याचा अनुभव पुण्यात साठत आला आहे. तुझ्या संदर्भांत मला यातलं काहीच दिसलं नाही. ते आधी वाच.

प्रश्न बदलले तर जगातल्या इतर अभ्यासांशी तुलना कशी करणार, असं तुझ्या गाइडनी विचारल्याचं तू लिहिलंस. शंका रास्त आहे. माझं मत असं, की कृती बदलावी पण तिच्यामागचं शरीराचं काम बदलू नये. दुधाच्या खोक्याच्या जागी घट्ट फिरकीच्या डब्याचं झाकण आलं, तरी पकडच मोजली जाते. खोक्याच्या जागी हंडा आणलास तर खांदा आणि कंबर मध्ये येतात, तो प्रश्न वेगळाच होतो. प्रत्येक बदलामागचं कारण तक्त्यात लिही. उकिडवं बसण्यासारखं जे मुळात नाहीच, ते वेगळं ठेव आणि स्कोअर दोन्ही प्रकारे काढून दाखव.

पण मला सर्वांत जास्त काळजी स्कोअरच्या रीतीची आहे, आणि तिच्यावर तू दोनच ओळी खर्च केल्या आहेस. वीस प्रश्न आठ गटांत, प्रत्येकाला 0 ते 3, गटातला सर्वांत वाईट आकडा त्या गटाचा, आणि आठांची सरासरी. इथवर ठीक. पण एखाद्या गटात साधनाची किंवा दुसऱ्या माणसाची मदत लागते असं नोंदलं, की त्या गटाचा 0 किंवा 1 थेट 2 होतो. आता आपलं घर डोळ्यांपुढे आण. सासूबाईंना नेसवायला सून येते, कधी गरजेपोटी, कधी मायेपोटी, तर कधी घरची रीत म्हणून. 'मदत घेता का?' या प्रश्नाला त्या खरेपणाने 'हो' म्हणणार, आणि बोटं चांगली असूनही त्यांचं अपंगत्व कागदावर वाढणार. उलट पिंपरीत एका खोलीत एकटी राहणारी, दात ओठ खाऊन सगळं स्वतः करणारी बाई 1 वर राहणार. तेव्हा मदतीमागे 'तुम्ही एकट्या असतात तर हे जमलं असतं का?' हा प्रश्न ठरवून विचार, आणि तो प्रत्येकीला विचार.

तसंच 'करत नाही' आणि 'करता येत नाही' यांचं. ज्याने जन्मात पोळी लाटली नाही त्याच्यासाठी तो प्रश्न गैरलागू आहे. तिथे 0 घालायचा नाही आणि 3 सुद्धा नाही. आठांपैकी निदान सहा गटांची उत्तरं असतील तरच स्कोअर काढता येतो, म्हणून किती पुरुषांचे किती गट रिकामे राहिले ते मोज. एखादा प्रश्न पुष्कळांना गैरलागू ठरत असेल, तर दोष प्रश्नात आहे.

पेशंटना ओपीडीत, डॉक्टरांच्या टेबलाशेजारी बसवून प्रश्न वाचून दाखवलेस ना? मग तू तपासलीस ती वाचून दाखवलेली प्रश्नावली. तिचे निष्कर्ष स्वतः भरलेल्या कागदाला लागू आहेत असं लिहू नकोस. डॉक्टरांसमोर आपली माणसं 'होतंय की' म्हणतात, औषधाचा गुण आला नाही असं सांगायला संकोचतात. लेक मध्येच उत्तर देतो. आणि हा आकडा अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आहे असा समज झाला, तर उत्तरं दुसऱ्या बाजूला झुकतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 40 टक्क्यांच्या रेषेला केवढं महत्त्व आलं आहे ते तू जाणतेस. त्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसाला दोष देऊ नये. आपणच आधी स्पष्ट सांगावं की या कागदाचा दाखल्याशी संबंध नाही, आणि नातेवाइकांना नम्रपणे बाहेर बसायला सांगावं. 'होतंय' म्हणणारीला 'कसं करता, दाखवा' म्हण. ब्लाउजचे हूक ती दातांनी लावत असेल, तर ते तुला तेव्हाच कळेल.

पुनर्चाचणीत तू दोन आठवड्यांनी तेच प्रश्न विचारलेस आणि सहसंबंध 0.9 दाखवलास. सहसंबंध फसवा आहे. दुसऱ्या वेळी प्रत्येकाचा स्कोअर नेमका अर्ध्याने वाढला, तरी तो 1 च येईल. ब्लँड आणि आल्टमन यांनी 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच दाखवलं. त्यांचा आलेख काढ, दोन फेऱ्यांचे आकडे किती जुळतात हे सांगणारा आयसीसी दे. त्याहून मोठी अडचण अशी, की मधल्या काळात काहींना स्टेरॉइड सुरू झालं होतं. ते पेशंट खरोखरच बदलले होते, त्यांना पुनर्चाचणीत घेता येत नाही. पहिली फेरी सकाळी आठला आणि दुसरी दुपारी दोनला झाली असेल, तर तेही तपास. प्रश्न गेल्या आठवड्याबद्दल असला, तरी सकाळचा ताठरपणा अंगात असताना दिलेलं उत्तर वेगळं येतं.

सगळ्यात कमी लिहिलं आहेस ते गृहीतकांवर. एचएक्यूचा ग्रिपशी, वेदनेच्या मापाशी, आजाराची तीव्रता सांगणाऱ्या डीएएस28 शी, ईएसआरशी किती संबंध असावा, हे आकडे बघण्याआधी लिहून तारीख घालून ठेवायचं असतं. कारणासह लिहायचं. एचएक्यूत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. सूज औषधाने उतरते, पण झिजलेला सांधा परत येत नाही. म्हणून जुन्या पेशंटमध्ये ईएसआरशी नातं कमजोर असावं आणि उपचारानंतर स्कोअर कमी हलावा. नव्या पेशंटमध्ये दोन्ही जास्त. तुझ्या माहितीत हे असंच दिसलं, तर त्यातून मराठी एचएक्यू काय मोजते याचा खरा पुरावा मिळेल. दिसलं नाही, तर तेही छाप.

आणि पेशंटला जाणवेल अशा किमान सुधारणेचा 0.22 हा आकडा इतर अभ्यासांतून उचलून ठेवू नकोस. आठ गटांच्या सरासरीत सर्वांत लहान पायरी 0.125 ची, म्हणजे एका पेशंटमध्ये 0.22 कधी दिसतच नाही. आपल्या पेशंटला 'बरं वाटतंय' असं वाटायला किती पायऱ्या लागतात, ते त्यांनाच विचारून काढ.

पुढच्या वेळी तक्ते पाठवू नकोस. दहा पेशंटचे भरलेले मूळ कागद पाठव, नावं झाकून, आणि उत्तर देताना ते जे जे म्हणाले ते समासात लिहून. ते वाचून झाल्यावर आपण फोनवर बोलू.

तुझी,
सुलभाताई