चव, विश्वास आणि हितसंबंध : वाइनसमीक्षेच्या नीतीविषयी

अभिरुचीच्या प्रमाणकाविषयी १७५७ साली लिहिताना डेव्हिड ह्यूमने ‘दॉन किहोते’मधील सांचोच्या दोन नातलगांची गोष्ट आधाराला घेतली होती. एका पिंपातील मद्याविषयी दोघांना मत विचारले जाते. एक म्हणतो, मद्य उत्तम आहे, पण त्याला चामड्याची किंचित चव आहे. दुसरा म्हणतो, उत्तम खरे, पण त्याला लोखंडाची चव आहे. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली जुनी किल्ली सापडते. उलटपक्षी, कांटने १७९० साली कॅनरी वाइनचे उदाहरण घेतले ते असे दाखविण्यासाठी की, ही वाइन सुखद आहे असे म्हणणाऱ्याला वस्तुतः ‘मला सुखद आहे’ एवढेच म्हणता येते. सौंदर्यविधानात अभिप्रेत असलेला सार्वत्रिकतेचा दावा त्याला करता येत नाही. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) ही चर्चा मराठी अभ्यासकाला अपरिचित राहिलेली नाही. लक्षणीय गोष्ट अशी की, दोघांनाही मद्याचेच उदाहरण सुचले आणि दोघांपैकी कोणालाही ते मद्य चाखणाऱ्यासमोर कोणी ठेवले, हा प्रश्न विचारावासा वाटला नाही.

गेल्या अर्धशतकातील वाइनविषयक लेखनात मात्र हाच प्रश्न केंद्रस्थानी आला आहे. पेशाने वकील असलेल्या रॉबर्ट पार्कर या अमेरिकन गृहस्थाने १९७८ साली ‘द वाइन अॅडव्होकेट’ हे पत्र सुरू केले. ग्राहकचळवळीतील राल्फ नेडर हा त्याचा आदर्श होता. पत्रात जाहिरात घ्यायची नाही, ते वर्गणीदारांच्या पैशावर चालवायचे आणि समीक्षकाने उत्पादकाचे मिंधे व्हायचे नाही, अशी त्याची प्रतिज्ञा होती. वाइनविषयी लिहिणारा माणूस बहुधा वाइनच्या व्यापाराशीच कुठेतरी बांधलेला असे, अशा काळात ही भूमिका क्रांतिकारकच म्हटली पाहिजे. त्याच्या शंभर गुणांच्या मोजपट्टीची टिंगल पुष्कळ झाली आणि ती बव्हंशी योग्यही आहे (कवितेला ब्याण्णव गुण देणाऱ्या समीक्षकाची कल्पना करून पाहावी). परंतु त्या आकड्यामागचे बळ जिभेपेक्षा प्रतिज्ञेचे अधिक होते.

या प्रतिज्ञेतील अडचण बोर्दो प्रदेशात स्पष्ट दिसते. तेथे आदल्या शरद ऋतूतील द्राक्षांची वाइन वसंत ऋतूत, म्हणजे ती पिंपातच असताना, समीक्षकांना चाखायला दिली जाते. तिच्यावरील अभिप्राय लक्षात घेऊन भाव ठरतात, आणि ग्राहकाच्या हाती बाटली पडते ती त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने किंवा अधिक काळाने. हा नमुना बाजारात विकत मिळत नाही. तो उत्पादकानेच सिद्ध केलेला असतो आणि त्याच्याच आतिथ्याचा भाग म्हणून पेल्यात येतो. समीक्षक स्वतःच्या खर्चाने प्रवास करून आला, स्वतःच्या खर्चाने राहिला, तरी समीक्ष्य वस्तूच त्याला यजमानाकडून स्वीकारावी लागते. अशा स्थितीत ‘निरपेक्ष समीक्षक’ या संज्ञेला नेमका कोणता अर्थ उरतो?

महाजालाने हा प्रश्न नव्याने निर्माण केला नाही, तो उघड्यावर आणला. २००९ साली टायलर कोलमन या स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या अभ्यासकाने महाजालावर दाखवून दिले की, पार्करच्या पत्रासाठी लिहिणाऱ्या काहींनी, पत्राच्या जाहीर आचारसंहितेशी विसंगत असे, इतरांच्या खर्चाचे प्रवास स्वीकारले होते. मोठ्या वृत्तपत्रांनी त्याची दखल नंतर घेतली. ज्याच्या मागे संपादक नाही, संस्था नाही, अशा लेखकाने संस्थेला तिच्याच शब्दांची आठवण करून द्यावी, हे नव्या माध्यमाचे श्रेय होय. परंतु त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारली आणि उत्पादकाकडून वस्तू वा मोबदला घेऊन तिची भलामण करणाऱ्यावर तो संबंध प्रकट करण्याचे बंधन घातले. गमतीचा भाग असा की, वृत्तपत्राच्या नोकरीत राहून परीक्षण लिहिणाऱ्याकडे याच संशयाने पाहण्याची गरज आयोगाला वाटली नाही. संस्थेची छत्री असलेल्याचा शब्द विश्वासार्ह आणि एकट्याचा संशयास्पद, हा भेद कोलमनच्या उदाहरणापुढे फारसा टिकत नाही.

तथापि माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. ‘ही बाटली मला विनामूल्य मिळाली’ असे लिहिणे आवश्यक आहे. पण नीतीचा सारा भार त्या एका वाक्यावर टाकणे म्हणजे समीक्षेची प्रक्रियाच न समजणे. प्रकटनामागे असे गृहीत आहे की निर्णय एकीकडे आणि हितसंबंध दुसरीकडे असतो, आणि दुसरा कळला की वाचक पहिल्यातून तेवढे वजा करून घेईल. वजाबाकी करायची तरी कितीची? रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातील वाइनस्पर्धेच्या परीक्षकांसमोर एकाच बाटलीतील वाइन नकळत तीनदा ठेवली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, तिन्ही वेळा सुसंगत निर्णय देणारे परीक्षक सुमारे १० टक्केच निघाले. निर्णय स्वतःच इतका हलता असेल, तर यजमानाच्या आतिथ्याने वाढलेले दोन गुण त्या हेलकाव्यात सहज मिसळून जातील, आणि ते मिसळले हे खुद्द समीक्षकालाही उमगणार नाही. त्याचा प्रामाणिकपणा येथे निरुपयोगी ठरतो, कारण जे त्यालाच ठाऊक नाही ते तो प्रकट कसे करणार? अभिनवगुप्ताने रसविघ्नांमध्ये ‘निजसुखादिविवशीभाव’ गणला, तेव्हा त्याच्यासमोर लबाड प्रेक्षक नव्हता; स्वतःच्या सुखदुःखाने व्यापलेला आणि म्हणूनच आस्वाद घेऊ न शकणारा प्रेक्षक होता.

शिवाय हितसंबंधाचे खरे कार्य स्तुतीत नव्हे, निवडीत घडते. घरी नमुने पाठवू शकणारा उत्पादक चाखला जातो, न पाठवू शकणारा वगळला जातो. चाखलेल्यांपैकी जी आवडली नाही तिच्याविषयी सौजन्याने मौन पाळले जाते. प्रत्येक लेखाखाली निर्दोष प्रकटन असूनही अशा शंभर लेखांनी मिळून उभे केलेले चित्र खोटे असू शकते. लिहिलेल्या वाक्याचे प्रकटन होते. न लिहिलेल्याचे होत नाही.

याचे दुसरे टोक फ्रान्सने दाखविले. मद्याच्या जाहिरातीवर कडक बंधने घालणारा एव्हँ कायदा तेथे १९९१ साली आला. त्याच्या आधारे पॅरिसच्या न्यायालयाने २००७ साली ‘ल पारिझियाँ’ या दैनिकातील शँपेनविषयक लेखनाला जाहिरातच ठरविले. २०१६ च्या कायद्याने पत्रकारितेतील लेखन पुन्हा वेगळे काढले ते उचितच झाले; हेतू न पाहता परिणामावरून स्तुतीला जाहिरात ठरविले, तर समीक्षेला निंदेवाचून दुसरे स्वातंत्र्यच उरत नाही. आपल्याकडची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. १९९४ च्या केबल दूरचित्रवाणी नियमांनी मद्याच्या जाहिरातीला मज्जाव केला आणि पुढील दशकात नाशिकच्या द्राक्षमळ्यांतून वाइनचा उद्योग उभा राहिला. जाहिरातीचा राजमार्ग बंद असलेल्या या उद्योगाला आतिथ्याची वाट जवळची वाटल्यास नवल नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेने महाजालावरील प्रभावकांसाठी २०२१ साली प्रकटनाचे नियम केले. पण मळ्यातील भोजनानंतर मनात रेंगाळणारी कृतज्ञता कोणत्या शीर्षाखाली नोंदवायची?

साहित्यसमीक्षकाला येथे थोडे सुरक्षित वाटेल. त्यालाही अभिप्रायार्थ प्रत फुकट येते, लेखक त्याचा मित्र असतो, कित्येकदा प्रस्तावना आणि परीक्षण यांच्यात एका चहाचेच अंतर असते. मात्र त्याने उद्धृत केलेले कडवे वाचकाला संहितेशी ताडून पाहता येते. किल्ली प्रत्येक प्रतीच्या तळाशी असते. वाइनच्या समीक्षकाला अवतरण देता येत नाही. त्याने प्यालेली वाइन संपलेली असते, आणि वाचकापुढची बाटली दुसरी असते, बहुधा दुसऱ्या वयाची. त्यामुळे त्याच्या लेखनात पुराव्याच्या जागी परिस्थितीच द्यावी लागते : पेला कोणी भरला, नाव झाकलेले होते की उघडे, सोबत जेवण होते का, त्या दिवशी आणखी किती वाइन चाखल्या, आणि त्यांतील कोणत्या आवडल्या नाहीत. ही शेवटची यादी छापणारे लेखन आज फारच थोडे आहे.