दुसऱ्या वर्षाचे पैसे

भोर

चिरंजीव भाच्यास


तुझा प्रस्ताव नीट वाचला. भोर आणि वेल्हे तालुक्यांतली वर्कशॉपं, फॅब्रिकेशनच्या शेडी, गिरण्या, सुतारकामाचे कारखाने यांचा खुला नकाशा करायचा आणि त्यासाठी तुमच्या कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून इथल्या पोरांच्या गटाला पैसे द्यायचे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. म्हणूनच पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये, ते सविस्तर लिहिते.

भाताच्या मळणीत यंत्राचा शाफ्ट तुटला की वेल्ह्याच्या कानद खोऱ्यातला शेतकरी सरळ पुण्याची वाट धरतो. तोच शाफ्ट लेथवर करून देणारा माणूस नसरापूरच्या अलीकडे बसलेला असेल, पण हे त्याला सांगणार कोण? सरकारी याद्या आहेत. जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी आहे, सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे आणि तीत लोहार, सुतार, कुंभार धरून १८ व्यवसाय येतात. त्या याद्यांवरून माणूस पात्र आहे की नाही ते कळतं. त्याच्याकडे किती लांबीचा लेथ आहे, थ्री फेज वीज आहे का, बाहेरचा जॉब घेतो का, हे त्यांतून कळत नाही.

ही माहिती वेळेला किती उपयोगी पडते ते २०२० मध्ये करोनाच्या साथीत दिसलं. मुंबईच्या मेकर्स असायलम या खुल्या कार्यशाळेने फेस शील्डचा आराखडा सर्वांना खुला केला आणि देशभरातल्या ४२ शहरांत आणि गावांत मिळून ४९ दिवसांत १० लाख शील्ड तयार झाल्या. आराखडा पाठवणं सोपं असतं. कापायचं यंत्र कोणत्या गावात कोणाकडे आहे, हे मात्र आधी ठाऊक असावं लागतं. आपल्याच जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा आहे, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली तो आश्रम उभा केला, तो गावातल्या मुलांनी हातानं काम करत शिकावं म्हणून. भोरच्या हिरडस मावळातल्या किती पोरांना त्या लॅबचा पत्ता माहीत असेल?

आता पैशाचं. तुझ्या अंदाजपत्रकात सगळ्यांत मोठा आकडा नव्या ॲपचा आहे. तो काढून टाक. ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा २००४ पासून चालू आहे, फोनवरून त्यात भर घालता येते आणि लोहारकाम, सुतारकाम, धातुकाम यांच्या खुणा त्यात आधीच ठरलेल्या आहेत. यंत्रांचा बारीक तपशील त्यात मावणार नाही. तो वेगळ्या खुल्या तक्त्यात ठेवा. त्याचे रकाने कसे असावेत यासाठी इंटरनेट ऑफ प्रॉडक्शन अलायन्सचं ‘ओपन नो-व्हेअर’ हे मानक आहे, ते पाहा आणि मराठीत आणा. गूगलच्या नकाशावरून एकही ठिकाण उतरवून घ्यायचं नाही, परवान्यात ते बसत नाही. वेल्ह्याचं नाव सरकारदरबारी राजगड झालं आहे, तेव्हा दोन्ही नावं घाला, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.

ॲपचे वाचलेले पैसे पोरांच्या मजुरीला दे. स्वयंसेवक या नावाखाली गरीब घरच्या मुलांचे दिवस फुकट घ्यायचे, हे मला पटत नाही. जो मुलगा दिवसभर मोटारसायकल घेऊन खोऱ्यात फिरणार, त्याची त्या दिवसाची रोजंदारी बुडते. रोज, पेट्रोल, जेवण हे सगळं लिहून काढ. काम दिवाळीनंतर सुरू करून शिमग्यापर्यंत उरकायला सांग. लावणीच्या दिवसांत कोणी बोलायला मोकळा नसतो आणि पश्चिमेकडच्या गावांना पावसाळ्यात पोचणंही कठीण असतं.

पाटी लावलेलं दुकान कोणीही नोंदवेल. बचत गटांत बसणारी मी, म्हणून सांगते: मसाल्याचं कांडप, शेवयांचं यंत्र, चार शिलाई मशिनं मागच्या खोलीत असतात आणि त्यांना पाटी नसते. ‘इथे काही कारखाना आहे का?’ असं विचारलं तर घरातला पुरुष नाही म्हणतो. नकाशा करणाऱ्या गटात निम्म्या मुली हव्यात आणि त्यांनी थेट स्वयंपाकघरापर्यंत जायला हवं.

पण तिथेच फार जपायचं आहे. कितीतरी छोटी यंत्रं घरगुती मीटरवर चालतात. सर्व्हेचा माणूस आला की लोकांना आधी महावितरण आठवतं, मग कर. एकदा खुली केलेली माहिती परत घेता येत नाही. म्हणून मीटर, उत्पन्न, कामगारांची संख्या यातलं काही विचारायचंच नाही. नकाशावर काय जाणार ते मालकाला मराठीत वाचून दाखवायचं आणि मगच होकार घ्यायचा. फोन नंबर द्यायचा की नाही, हे त्यानं किंवा तिनं ठरवायचं. घरातून काम करणारी बाई नको म्हणाली तर वाडीच्या नावापुरती नोंद ठेवा आणि संपर्क बचत गटामार्फत द्या.

आणि जातीचा रकाना नको. त्र्यं. ना. आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, तेव्हा लोहार कोण आणि सुतार कोण हे जन्मानं ठरलेलं होतं. आज वेल्डिंगची शेड कोणीही टाकतो. ती कमावलेली मोकळीक आपल्या तक्त्यानं मागे नेऊ नये.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दुसरं वर्ष. वर्कशॉप बंद पडतं, लेथ विकला जातो, पोरगा पुण्याला नोकरीला लागतो. चुकीच्या नोंदीवर विसंबून एखादा माणूस वेल्ह्यापर्यंत हेलपाटा मारून आला की तो पुन्हा तो नकाशा उघडत नाही. तरीही देणगीदार पहिल्या वर्षाच्या ठिपक्यांचे पैसे देतात, फोटो काढतात आणि निघून जातात. तू निम्मी रक्कम पुढच्या फेऱ्यांसाठी राखून ठेव. कायद्यात वाट आहे: सीएसआरच्या नियमांत ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी घेतली की सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षं काम चालवता येतं आणि न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. किती ठिकाणं नोंदवली एवढंच अहवालात मागू नकोस. किती नोंदी पुन्हा जाऊन तपासल्या आणि नकाशा पाहून कोणाला काम मिळालं, हे विचार.

एक अडचण आधीच सोडव. पोरांचा गट नोंदणीकृत नाही, त्यामुळे सीएसआरचा पैसा त्यांना थेट मिळणार नाही. सीएसआर-१ नोंदणी असलेली संस्था मध्ये लागेल. ती व्यवस्थापनासाठी किती कापून घेणार आणि पोरांच्या हातात किती महिन्यांनी पैसे पडणार, हे करारात लिहून घे. तीन महिने मजुरी थकली की चांगली मुलं निघून जातात.

सुधारलेलं अंदाजपत्रक बैठकीच्या आधी मला पाठव. मजुरीचे आकडे मी इथल्या दराशी ताडून देईन.

तुझी
मावशी