न धुतलेलें माप

इतवारी ही नागपूरची जुनी पेठ. रविवारच्या बाजारावरून तिला हें नांव पडलें. त्या पेठेच्या एका गल्लींत राहणारी एक विधवा बाई हिवाळ्याच्या दिवसांत लोकरीचे स्वेटर विणून आपला चरितार्थ चालविते. तिच्यावर मागें एक प्रसंग आला. प्रसंग लहान होता, पण त्यांतून जो प्रश्न निघाला तो लहान नाहीं; म्हणून तो वाचकांपुढें ठेवितों.

एका गृहस्थानें तिला स्वेटर विणावयास सांगितला. अंगाभोंवतीं 36 इंच भरला पाहिजे आणि आठ दिवसांत मिळाला पाहिजे, असें त्याचें म्हणणें. बाईनें थोडें विणून पाहिलें, पट्टी लाविली, तों एका इंचांत पांच टाके भरले. 36 गुणिले पांच म्हणजे 180. तितके टाके तिनें घातले. स्वेटर तयार झाल्यावर गृहस्थासमक्ष मोजला, तो बरोबर 36 इंच भरला. त्यानें पैसे दिले व तो संतोषानें गेला. पंधरा दिवसांनीं तो रागावून परत आला. स्वेटर घरीं प्रथमच धुतला आणि तो सैल पडून 40 इंच झाला होता. "बाई, तुम्हीं मला फसविलें," असें तो म्हणाला. ती म्हणाली, "दादा, तुमच्या देखत पट्टी लाविली होती. मी एक शब्दहि खोटा बोललें नाहीं."

दोघांचेंहि बोलणें खरें होतें, आणि अडचण ती हीच. जो खोटें बोलला नाहीं, परंतु ज्याचें वचन खोटें ठरलें, तो दोषी आहे काय? "मला ठाऊक नव्हतें" एवढें म्हटल्यानें मनुष्य मोकळा होतो काय?

प्रथम काय घडलें तें पाहूं. सूत काततांना व गुंडाळतांना धागा ताणला जातो, आणि विणणारीच्या हाताचाहि त्याला ताण बसतो. कोरडा धागा तो ताण धरून ठेवितो. पाण्यांत गेला कीं तो सोडून देतो आणि आपल्या मूळ ठेवणीवर येतो. सुयांवर विणलेलें वस्त्र एकांत एक गुंतलेल्या फांसांचें असल्यामुळें मागावरच्या कापडापेक्षां अधिक हलतें. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. कढत पाण्यांत चोळल्यास ते एकमेकांत अडकतात व वस्त्र आटतें. परंतु यंत्रांत धुतां यावी म्हणून ज्या लोकरीचे खवले काढून टाकिलेले किंवा झांकून टाकिलेले असतात, ती न आटतां पुष्कळदां सैल पडून वाढते. दुकानांत दोन्ही गुंडे शेजारीं ठेविले तर डोळ्यांना भेद दिसत नाहीं. भेद पाण्यांतच कळतो. या स्वेटरांत इंचामागें केवळ अर्धा टाका कमी झाला होता, पांचाचे साडेचार. पण 180 टाक्यांना साडेचारांनीं भागिलें म्हणजे 40 येतात. अर्ध्या टाक्याची चूक अंगावर चार इंच होऊन बसली.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. जाणत्या बाया आधीं सहा इंच लांब व सहा इंच रुंद असा नमुन्याचा चौकोन विणतात. ज्या सुयांनीं पुढें वस्त्र विणावयाचें त्याच सुयांनीं, आणि पुढें जसें धुवावयाचें तसाच तो धुतात. पिळीत नाहींत, जाड फडक्यांत दाबून पाणी टिपतात व सपाट पसरून वाळवितात. तो पुरा वाळल्यावर मधले चार इंच मोजतात; कारण कडेचे टाके ओढलेले असतात, आणि एका इंचांत अर्धा टाका नजरेंतून निसटतो, तो चार इंचांत दोन टाके होऊन समोर उभा राहतो. मग टाक्यांचा हिशेब करितात.

आपल्या लोकांत म्हण आहे कीं, शितावरून भाताची परीक्षा. ती खरी, पण तिच्यांत एक अट दडलेली आहे. तें शीत त्याच भांड्यांतलें व त्याच विस्तवावर शिजलेलें असलें पाहिजे. कोरडा तांदूळ दांतांखालीं धरून भात कसा होईल हें कोण सांगेल? त्या बाईनें नमुना पाहिला नाहीं असें नव्हे. पाहिला, पण कोरडा पाहिला.

कोणी म्हणेल, हें सर्व तिला कोणी शिकविलें होतें? हा आक्षेप योग्य आहे. इतवारींतील शिंपी कोरा मांजरपाट बेतण्यापूर्वीं तो पाण्यांतून काढून आणावयास सांगतो. मागावर ताणा ताठ ओढलेला असतो, सुताला खळ लाविलेली असते. पाण्यानें दोन्ही सुटतात व कापड आटतें, हें त्याला ठाऊक असतें. 1877 सालीं जमशेटजी टाटांनीं नागपुरांत एम्प्रेस मिल सुरू केली. ती आज बंद झालेली आहे. पण गिरणीचें कोरें कापड असो कीं कोष्ट्याच्या हातमागाचें, पाण्याची परीक्षा दोहोंनाहि चुकली नाहीं. पुढें 1930 च्या सुमारास अमेरिकेंत सॅनफर्ड क्लूएट यांनीं कापड गिरणींतच आधीं आटवून घेण्याची रीत काढली. तीमध्येंहि प्रथम नमुन्याचा तुकडा धुऊन तो किती आटतो हें पाहावें लागतें. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांतील ठिगळाचा दृष्टांतहि याच ज्ञानावर उभा आहे. न आटलेलें ठिगळ जुन्या वस्त्राला लाविलें तर तें पुढें वस्त्राला ओढतें व फाटलेलें अधिकच फाटतें. ऐकणाऱ्यांना तो उलगडून सांगावा लागला नसेल, कारण ज्याच्या घरीं वस्त्र शिवलें जातें त्याला ही गोष्ट माहीत असते.

तेव्हां शिंप्यानें कोरें कापड बेतलें तर आपण त्याला दोष देऊं. या बाईची गोष्ट निराळी. ती आईपासून विणणें शिकली, आणि आईच्या काळची लोकर वाढत नसे. पहिल्या वेळीं तिच्याकडे अज्ञान होतें, अपराध नव्हता. पण त्याच लोकरीचा दुसरा स्वेटर तिनें तसाच विणला असता, तर "ठाऊक नव्हतें" हे शब्द तिच्या तोंडीं शोभले नसते. जें जाणून घेणें आपल्या हातीं आहे तें न जाणणें हें अज्ञान नव्हे, ती हयगय होय.

येथें मनुष्यस्वभावाची एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. शेतकरी बैल घेतांना त्याला जुंपून पाहतो. बाई मडकें घेतांना वाजवून पाहते. घेतांना आपण सर्वच पारखी असतों. आपल्या हातून जें दुसऱ्याकडे जावयाचें त्याची पारख करितांना मात्र हात आंखडतो. कारण उघड आहे. घेतांनाची पारख आपलें नुकसान वांचविते. देतांनाची पारख दुसऱ्याचें नुकसान वांचविते, आणि तिचा खर्च आपल्याला पडतो. नमुन्याचा चौकोन विणावयास एक संध्याकाळ जाते, वाळावयास एक दिवस लागतो, आणि त्यांतला एकहि टाका स्वेटरांत येत नाहीं. खरेपणा जिभेपुरता असता तर तो फार स्वस्त पडला असता. आपण जें देतों तें पहिल्या धुण्यांत टिकेल कीं नाहीं, हें आधीं आपल्या खर्चानें पाहणें, हा त्याचा महाग भाग होय.

परंतु हा सगळा खर्च एकट्या गरीब बाईवर टाकणेंहि न्यायाचें नाहीं. त्या गृहस्थानें आठ दिवसांची मुदत घातली आणि मजुरींतहि घासाघीस केली. धुऊन वाळविण्यास वेळ न देणाऱ्यानें न धुतलेलें मापच विकत घेतलें, असें म्हणावें लागेल. चोख काम मागणाऱ्यानें चोखपणाला लागणारा वेळ व दाम द्यावा; न देईल तर दोषाचा वांटा त्याच्याकडेहि जातो.

आणखी एक गोष्ट सांगितली नाहीं तर हा लेखच न धुतलेल्या मापासारखा होईल. धुतलेला चौकोनहि केव्हां केव्हां चुकवितो. तो लहान व हलका. पुरा स्वेटर आपल्या वजनानें ओढला जाऊन लांबतो. म्हणून नमुन्यानें खात्री मिळत नाहीं, खात्रीच्या जवळ जातां येतें. पण त्यानंतर चूक निघाली तर "जें पाहतां येत होतें तें मीं पाहिलें होतें" असें मान वर करून म्हणतां येतें. बाईला त्या दिवशीं तें म्हणतां आलें नाहीं, आणि हीच गोष्ट तिला लागली.

तिनें वाद घातला नाहीं. स्वेटर ठेवून घेतला, उसविला, आणि त्याच लोकरीचा धुतलेला नमुना मोजून 162 टाक्यांवर पुन्हा विणून दिला. दुसऱ्या विणण्याची मजुरी तिनें मागितली नाहीं व गृहस्थानें दिली नाहीं. त्यानें अर्धी तरी द्यावयास पाहिजे होती, असें माझें मत आहे.

आतां तिच्याकडे पत्र्याच्या एका डब्यांत धुतलेले चौकोन असतात. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर धुण्यापूर्वींचे टाके व धुतल्यानंतरचे टाके लिहिलेले. नवी लोकर आली कीं ती गिऱ्हाइकाला दोन दिवस अधिक मागते व कां मागते तें डबा उघडून दाखविते. कांहीं गिऱ्हाइकें थांबतात. कांहीं दुसरीकडे जातात, आणि त्या आठवड्यांत तिची चूल जपून पेटते. वाचकहो, आपल्यापैकीं कोणी अशा दारीं काम घेऊन गेला, तर त्यानें ते दोन दिवस तिला द्यावे.