देणगी पुरली कीं पेरली?



ज्यास देवानें मोठी कला दिली आहे, त्यानें ती घेऊन विस्तीर्ण जगांत जावें, कीं आपल्या गरीब वस्तींत राहून ती तेथेंच खर्चावी? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. जो जातो त्यास आपण कृतघ्न म्हणतों, आणि जो राहतो त्याविषयीं, "बिचाऱ्याचें ज्ञान फुकट गेलें," असें हळूच बोलतों. म्हणजे दोघांसहि आपण दोष देतों! ह्या प्रश्नाचा विचार करितांना एका अमेरिकन वादकाचें चरित्र आम्हांस फार उपयोगी वाटलें. तें आज थोडक्यांत सांगतों.

होरेस टॅप्स्कॉट ह्यांचा जन्म इ. स. १९३४ सालीं टेक्सस संस्थानांतील ह्यूस्टन शहरीं एका कृष्णवर्णी कुटुंबांत झाला. त्यांची आई पियानो वाजवीत असे. ते नऊ वर्षांचे असतां कुटुंब लॉस अँजेलीस येथें राहावयास गेलें. तेथील जेफरसन हायस्कुलांत सॅम्युएल ब्राऊन नांवाचे संगीतशिक्षक होते. त्यांच्या हातून असे कित्येक विद्यार्थी तयार झाले कीं ज्यांचीं नांवें पुढें देशोदेशीं गाजलीं. टॅप्स्कॉट ह्यांसहि त्यांच्यापासूनच विद्या मिळाली.

ही विद्या जॅझ संगीताची. गुलामगिरींतून सुटलेल्या लोकांच्या वंशजांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यू ऑर्लीन्स शहरांत हें संगीत आकारास आणिलें. त्याची एक रीत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. एक चाल ठरलेली असते. तिच्या आधारें एकेक वादक पुढें होऊन त्याच क्षणीं मनांत येईल तें नवें वाजवितो, आणि तो वाजवीत असतां बाकीचे त्यास साथ देऊन सांभाळून घेतात. एकट्यानें उंच जावें, पण सर्वांच्या खांद्यावरून जावें, असा हा प्रकार आहे.

इ. स. १९५९ सालीं टॅप्स्कॉट ह्यांस लायनेल हॅम्प्टन ह्यांच्या प्रख्यात ताफ्यांत ट्राँबोन हें पितळी वाद्य वाजविण्याची जागा मिळाली. पुष्कळ तरुण वादकांस हेवा वाटावा अशी ती जागा! परंतु इ. स. १९६१ सालीं त्यांनीं ती सोडली आणि ते लॉस अँजेलीस येथें आपल्या बायकामुलांकडे व आपल्या वस्तीकडे परत आले. तेथें त्यांनीं स्वतःचा ताफा उभारला व त्यास 'पॅन आफ्रिकन पीपल्स आर्केस्ट्रा' असें नांव दिलें. ऑर्केस्ट्रा शब्दांत 'आर्क', म्हणजे तारूं, हा शब्द मुद्दाम गोंवलेला होता. नोहाच्या तारवांत जीव राखिले गेले, तसें आपल्या लोकांचें संगीत ह्या तारवांत राखिलें जावें, हा त्यांतील हेतु.

हा ताफा बागांत, शाळांत, देवळांत, जेथें लोक असतील तेथें वाजवी. पुष्कळदां कांहीं मोबदला न घेतां. मुलांस शिकविण्याचें कामहि चालू असे. इ. स. १९६५ च्या आगस्ट महिन्यांत त्याच शहराच्या वॉट्स भागांत पोलिसांशीं झालेल्या एका तंट्यावरून मोठा दंगा उसळला. ३४ माणसें मेलीं. दंग्यानंतरहि टॅप्स्कॉट आपल्या लोकांतच राहिले व काम करीत राहिले. पुढें इ. स. १९७३ पासून १९८१ पर्यंत इम्मानुएल युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट ह्या मंदिरांत दर महिन्याच्या शेवटच्या रविवारीं त्यांचें वादन होत असे.

ह्यांत त्यांचें नुकसान झालें काय? जगाच्या हिशेबानें झालें. इ. स. १९६९ सालीं त्यांची पहिली तबकडी निघाली. दुसरी निघावयास बहुतेक दहा वर्षें लागलीं. मग हा मनुष्य देणगी जमिनींत पुरून ठेवणाऱ्या त्या दाखल्यांतल्या चाकरासारखा झाला कीं काय, अशी शंका कोणी घेईल.

आमचें उत्तर असें. पुरलेलें व पेरलेलें, दोन्हीं मातींतच जातात. वरून पाहणाऱ्यास भेद दिसत नाहीं. परंतु पुरलेली वस्तु तितकीच राहते आणि धन्यास ती पुन्हा मोजून घेतां येते. पेरलेला दाणा मात्र पेरणाऱ्यास पुन्हा सांपडत नाहीं. तो दुसऱ्याच्या ताटांत जातो. तेव्हां मनुष्य कोठें राहिला हा खरा प्रश्न नव्हे, त्याच्यापासून कोणास मिळालें हा आहे. त्याच ताफ्यांतील आर्थर ब्लाइद इ. स. १९७४ सालीं न्यूयॉर्क येथें गेले व तेथें कीर्तीस चढले. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. वस्तींत मिळालेलें बीं त्यांनीं दूरच्या शेतांत नेलें. उलट, घरींच राहून आपली विद्या कोणास न सांगणारा मनुष्य गांवांत असूनहि पुरणाराच होय.

आतां दुसरी बाजू. गुणवान् मनुष्यानें आपल्यांत राहावें असें वस्तीनें म्हणणें सोपें आहे. पण त्याच्या घरीं चूल पेटते कीं नाहीं हें ती विचारिते काय? जो फुकट शिकवितो त्याची आपण स्तुति करितों, आणि तेवढ्यानें आपलें कर्ज फिटलें असें समजतों. एक वादक पुढें होऊन वाजवितो तेव्हां बाकीचे हात जोडून बसत नाहींत, साथ देतात. साथ नसेल तर उत्तम वादकहि थकून खालीं बसेल. ज्या मंडळीच्या शिक्षकाचें वेतन महिनोगणती थकतें, तिनें तो शहरीं निघून गेल्यावर त्यास नांवें ठेवूं नयेत.

टॅप्स्कॉट इ. स. १९९९ च्या फेब्रुवारी महिन्यांत वारले. त्यांच्या मागें त्यांचा ताफा मोडला नाहीं; त्यांच्या हाताखालीं वाढलेल्यांनीं तो पुढें चालविला. मोठेपणाची ह्याहून खात्रीची परीक्षा आम्हांस ठाऊक नाहीं. वाचकहो, तुम्हांपैकीं कोणास वाचतां येतें, कोणास पेटी वाजवितां येते, कोणास रोग्याची शुश्रूषा करितां येते. आज रात्रीं निजण्यापूर्वीं आपणांस इतकेंच विचारा : हें काम मजपासून कोण शिकत आहे? आणि जो आपणांस शिकवितो, त्यास आपण साथ देत आहों काय?