वीस रुपयांची मासोळी



मागच्या आठवड्यात आपल्या गटात एका ताईंनी विचारलं होतं, नातवाला वाढदिवसाला माशांची टाकी घेतोय, काय काळजी घ्यावी? उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण आमच्या घरी टाकीपायी जे घडलं ते आधी सांगतो, प्रश्न नुसता पाण्याचा नाही.

दिवाळीत नातीसाठी टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे साधारण 56 लिटर पाणी. इंदूरला नळाला नर्मदेचं पाणी येतं, तेच भरलं, क्लोरीन घालवायचं औषध टाकलं. नातीला एंजल हवे होते. दुकानदार म्हणाला, नव्या टाकीत एंजल टिकणार नाहीत, आधी चार मॉली सोडा, महिनाभरात टाकी सेट होईल. आणि हसून, "मर भी गई तो बीस रुपये की है, अंकल." मीही हसलो. खरं सांगतो, मला ते व्यवहारी वाटलं.

सेट होणं म्हणजे काय, ते मागाहून कळलं. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सारखा पाण्यात उतरत असतो. नदी-तळ्यात दगडांवर, वाळूवर जिवाणू असतात. त्यांतली एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट, आणि ते थोडंफार माशाला चालतं. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. पुरेसे वाढायला चार-सहा आठवडे लागतात, आणि अमोनिया मिळाला तरच वाढतात. म्हणून हे पहिले मासे! स्वतःच्याच घाणीत राहून ते पुढच्यांसाठी पाणी तयार करतात. अमोनियाने कल्ले भाजतात. नायट्राइट रक्तात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, मासा पाण्यात असून गुदमरतो. आणि पाणी काचेसारखं नितळ दिसत असतं.

सहाव्या दिवशी पहाटे नामाला उठलो तर एक काळी मॉली तळाशी पडलेली. नात उठायच्या आत काढली. ती शाळेत गेल्यावर दुकानातून तशीच दुसरी आणली आणि त्याच पाण्यात सोडली. संध्याकाळी नात म्हणाली, "आजोबा, ही ती नाहीये. तिची शेपटी थोडी फाटलेली होती." मी म्हटलं, तुला भास होतोय बाळा.

त्या रात्री झोप नाही. खोटं बोललो ते सलत होतंच, पण ते बोलता आलं कसं? जीव वीस रुपयांत बदलून मिळत होता म्हणून. दुकानदाराचं ते वाक्य मी मनातून केव्हाच मान्य केलं होतं.

रविवारी सत्संगात विषय काढला. मडगावचे एक गुरुबंधू आले होते, ते म्हणाले, "आमच्याकडे रोज ताटात मासा असतो, तुम्ही एका मॉलीचं काय घेऊन बसलात?" मुद्दा रास्त आहे. ताटातल्या माशाबद्दल मी काही बोलत नाही, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण या माशाला मी हौसेनं पाहुणा म्हणून आणलं, चार काचांत ठेवलं, तिथून त्याला कुठे जाता येत नाही. आणि भूक तरी कुठे होती? दिवाळीत टाकी भरलेली दिसावी, एवढीच घाई. रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य कुजू दिलं, तरी तेच जिवाणू वाढतात. सहा आठवडे मला थांबायचं नव्हतं, ते त्या मॉलीनं भरले.

मग उरलेल्या परत द्याव्यात का? दुकानदार त्या पुढच्या नव्या टाकीसाठीच विकणार. तलावात सोडणं त्याहून वाईट, बाहेरचा मासा तिथल्यांच्या मुळावर येतो. तेव्हा ठेवल्या, आणि सेवा केली. खाद्य दिवसातून एकदाच, तेही चिमूटभर. तपासणीचं किट आणलं. एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदलायचं, अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर त्याच दिवशी. पाच आठवडे बादल्या उचलल्या, गुडघ्यांनी साक्ष दिली. इतकं करणार असेल त्याला मी निर्दय म्हणणार नाही. पण जाणूनबुजून मी पुन्हा तसं करणार नाही.

नातीला खरं सांगितलं. रडली नाही. एवढंच विचारलं, "मग ती कुठे आहे?" सकाळच्या कचरागाडीत टाकली होती. तेही सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी फारसं बोलली नाही.

आता दोन्ही आकडे शून्य येतात. एंजल आणायचे का विचारलं, तर म्हणते, "जागा कुठे आहे?" मॉलीला पिल्लं झाली आहेत. परवा सात मोजली, काल सहा.

ताई, तुम्ही इंदुरातल्याच आहात. आमच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा टाकीच्याच पाण्यात बुडवून देतो. वाटेत वाळू देऊ नका, नळाखाली धुऊ नका, त्याच दिवशी तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. आठवडे बरेच वाचतील. मासे मात्र किट शून्य दाखवेल तेव्हाच. वाढदिवस उलटून गेला तरी.