मांडलिकत्वाचे मोल

पराभूताचा उच्छेद न करता त्याचे राज्य त्याच्याकडेच ठेवावे आणि मोबदल्यात खंडणी व निष्ठा घ्यावी, ही कल्पना पुरातन आहे. बलवंताच्या आश्रयास जाण्याला कौटिल्याने 'संश्रय' या नावाने षाड्गुण्यात स्थान दिले. आळीपाळीने चाली करण्याच्या संगणकीय युद्धखेळांतही ती उतरली आहे. 'सिव्हिलायझेशन'च्या चौथ्या आवृत्तीला २००६ मध्ये जोडलेल्या 'वॉरलॉर्ड्स' या विस्तारात दुर्बळ राज्य बलवानाचे मांडलिक होऊ शकते. त्याचे लाभ उघड आहेत: हरणारा नामशेष होत नाही, जेत्याला प्रत्येक नगरासाठी झुंजावे लागत नाही. तोटेही तितकेच स्पष्ट आहेत. मांडलिकाला युद्ध वा तह स्वतःच्या इच्छेने करता येत नाही. स्वामीचे वैर त्याला आपोआप पत्करावे लागते. मात्र ठरावीक अटी पुऱ्या झाल्यास त्याला बंधन तोडण्याची मुभा असते.

पटावरचा हा हिशेब इतिहासात नैतिक प्रश्न होतो. आज्ञाधारकतेच्या बदल्यात दिलेले संरक्षणाचे वचन मोडले, तर भरपाई कोणी करावयाची?

दिल्लीतील आजच्या आर. के. पुरमच्या पलीकडे पालम आहे. शहा आलमची सत्ता दिल्लीपासून या पालमपर्यंतच, असे लोक उपहासाने म्हणत. हा बादशहा १७७२ मध्ये मराठ्यांच्या आधाराने राजधानीत परतला. १७८४ मध्ये पेशव्यांना वकील-इ-मुतलक हे पद मिळाले आणि त्यांचे नायब म्हणून महादजी शिंदे कारभार पाहू लागले. नावाने बादशहा स्वामी होता. प्रत्यक्षात तो आश्रित होता. त्याला सिंहासन मिळाले, मराठ्यांना अधिकाराची मान्यता. परंतु १७८८ मध्ये संरक्षक दूर असताना गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले. शिंद्यांच्या फौजांनी दिल्ली परत घेतली, अपराध्याला देहदंडही झाला. दृष्टी मात्र परत येणार नव्हती.

वसईच्या तहात याच्या उलट घडले. यशवंतराव होळकरांकडून पराभूत झालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी कंपनीची किमान सहा हजार पायदळाची तैनाती फौज स्वीकारली आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला. येथे संरक्षक दूर नव्हता, तो उशाशीच बसला होता. बाजीरावाला गादी मिळाली. परराज्यांशी बोलण्याचा अधिकार गेला, आणि १८१८ मध्ये गादीही गेली.

दिल्लीत संरक्षण अपुरे पडले, पुण्यात ते अतिरेकी झाले. दोन्ही ठिकाणी दोष एकच होता: वचन मोडल्यास बलवानाने काय गमवावे, हे कोठेही ठरले नव्हते. सव्वीस लाखांच्या मुलुखातील रयतेला तर कोणी विचारलेही नाही. संकटात सापडलेल्याने आश्रय घेणे हे लाजिरवाणे नाही. जिवंत राहणे हीदेखील राजनीतीच आहे. पण ज्या आश्रयातून सन्मानाने बाहेर पडण्याचा मार्ग नसतो, तो घेताना आपल्यामागे असलेल्यांच्या वतीनेही आपण सही करीत आहोत, याचे भान राज्यकर्त्याला असावयास हवे. खेळाच्या नियमांत सुटकेची जी वाट आहे, ती वसईच्या तहात ठेवलेली नव्हती.